गुडघ्यातील गादीची फाट : प्रकार आणि त्यांचा अर्थ

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. महार रेजिमेंटच्या या जवानाने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत ते पडले. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध आणि मेनिस्कस या दोहोंना इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली.

कबड्डी खेळणाऱ्या मुलांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांच्या एमआरआय अहवालातही हाच शब्द आढळतो. तो वाचून घाबरण्यापूर्वी फाट कोणत्या प्रकारची आहे, हे समजून घेणे हिताचे असते; कारण उपचार त्यावरच ठरतो.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरी गाद्या असतात. एक आतील बाजूस, दुसरी बाहेरील बाजूस. शरीराचा भार पसरविणे आणि सांधा स्थिर ठेवणे, हे त्यांचे कार्य. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जशी आवळून धरते, तसे गादीतील गोलाकार तंतू भार सावरून धरतात.

फाटीचे वर्गीकरण मुख्यतः तीन अंगांनी केले जाते.

पहिले अंग स्थानाचे. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मधल्या पट्ट्यात तो अल्प असतो आणि आतील कडेला जवळजवळ नसतोच. म्हणून कडेची फाट टाके घातल्यास जुळण्याचा संभव अधिक. आतील फाट सहसा आपोआप भरून येत नाही.

दुसरे अंग आकाराचे. तंतूंना समांतर जाणारी ती उभी फाट. ती लांबत जाऊन सुटा भाग सांध्यात सरकला, म्हणजे तिला बादलीच्या कडीसारखी फाट म्हणतात. अशा वेळी गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही. येथे विलंब करू नये. आतील कडेकडून बाहेर जाणारी आडवी चीर गोलाकार तंतूच कापते; गादी मुळापासून सुटली तरी परिणाम तसाच होतो. धाव तुटलेल्या चाकाप्रमाणे मग गादी भार पेलू शकत नाही. तिरकी फाट पोपटाच्या चोचीसारखी दिसते. गादीचे वरचा आणि खालचा असे दोन पदर करणारी सपाट फाट, तसेच अनेक दिशांनी विरलेली संमिश्र फाट, ही बहुधा वयोमानाने झालेल्या झिजेची लक्षणे असतात.

तिसरे अंग खोलीचे. एमआरआय अहवालातील पहिली व दुसरी श्रेणी गादीच्या आतील बदल दाखविते. तो बदल पृष्ठभागापर्यंत पोहोचतो ती तिसरी श्रेणी. खरी फाट सामान्यतः हिलाच म्हणतात. ‘दुसरी श्रेणी’ एवढे वाचून शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

एके काळी फाटलेली गादी संपूर्ण काढून टाकीत. १९४८ मध्ये फेअरबँक या इंग्रज शल्यचिकित्सकाने अशा गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत झिजेच्या खुणा दाखवून दिल्या. तेव्हापासून गादीचे महत्त्व उमगत गेले आणि शक्य तेवढी ती वाचविण्याकडे कल वाढला. झिजेच्या फाटीची गोष्ट निराळी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात १४६ रुग्णांपैकी काहींची खरी, तर काहींची केवळ नाममात्र शस्त्रक्रिया केली गेली. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून अशा रुग्णांना बहुधा प्रथम मांडीच्या स्नायूंचा व्यायाम सुचविला जातो.

तरुण खेळाडूचा गुडघा मुरगळून सुजला किंवा अडकला, तर तो जोराने चोळू वा ओढू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे वा अन्यत्र चार प्रश्न निःसंकोच विचारावेत : फाट कोठे आहे? आकार कोणता? ती पृष्ठभागापर्यंत पोहोचली आहे काय? आणि गादी शिवता येईल, की तिचा भाग काढावा लागेल? यांची उत्तरे मिळाल्यावर रुग्णाने दिलेली संमती ही समजून दिलेली संमती ठरते.