आधी चेंडू, मग जमीन

२०२५ मध्ये रॉयल पोर्टरशवर गोल्फपटू स्कॉटी शेफलरने ‘ओपन’ स्पर्धा चार फटक्यांनी जिंकली आणि पुन्हा चर्चा रंगली ती त्याच्या पायांची. फटका मारताना त्याचे दोन्ही पाय जागचे सरकतात. शिकवणीच्या कुठल्याही चौकटीत ते बसत नाही. मग हौशी खेळाडूने तंत्राच्या मागे लागायचे तरी कशाला, असा प्रश्न त्यातून निघतो. पण पाय कसेही सरकले, तरी त्याचा आयर्न आधी चेंडूला लागतो आणि मग जमिनीला. आयर्नच्या तंत्रात ग्रिप, उभे राहणे, वजन टाकणे हे सगळे या एका गोष्टीसाठी असते. आणि हाच शेफलर बोटांचे साचे असलेली, नवशिक्यांना देतात तसली ग्रिप लावलेला क्लब घेऊन सराव करतो. तंत्राला कमी लेखणारा खेळाडू असे करणार नाही.

हौशी खेळाडूचे घोडे अडते ते चेंडू ‘उचलण्याच्या’ इच्छेपाशी. चेंडू वर जायला हवा म्हणून तो मनगटे मोडतो आणि वजन उजव्या पायावरच ठेवतो (खेळाडू उजखुरा धरू). त्यामुळे स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. क्लब एक तर आधी मातीत घुसतो, नाही तर वर येताना चेंडूच्या डोक्याला लागतो. वास्तविक चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या लॉफ्टचे (मुखाच्या तिरकेपणाचे) आहे. अमेरिकी टूरवरचे व्यावसायिक ७ नंबरचा आयर्न चेंडूवर सुमारे ४ अंशांनी खाली उतरवतात, तरीही चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर थांबतो. आघाताच्या क्षणी हात चेंडूच्या पुढे आणि वजन डाव्या पायावर असेल, तर डिव्हट (क्लबने जमिनीत पाडलेला ओरखडा) चेंडूच्या पुढे पडतो. तो डिव्हट कुठून सुरू झाला, हे पाहिले की फटक्याचा सगळा हिशेब समोर येतो.

यावर जुने खेळाडू म्हणतील की पैसे मिळतात ते पटिंगमध्ये. आकडे मात्र वेगळे सांगतात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या लाखो फटक्यांचा अभ्यास केला; अव्वल खेळाडूंच्या आघाडीतला सुमारे ४० टक्के वाटा ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा निघाला आणि पटिंगचा जेमतेम १५ टक्के. २०२३ मध्ये शेफलरचे पटिंग टीकेचा विषय झाले होते, तरी त्या वर्षीही तो मोठ्या स्पर्धा जिंकत होता. पटिंगने एखादा आठवडा जिंकता येतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षे टिकणारी आघाडी आयर्नमधून येते.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो: नवा सेट घ्या, अंतर वाढेल. अंतर वाढते हे खरे, पण त्यामागे बरेचदा लॉफ्टमधली घट असते. एके काळी ७ नंबरचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असे. आज हौशींसाठीच्या अनेक सेटमध्ये तो ३० किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे ७ चा आकडा कोरलेला जुना ५ किंवा ६ नंबरच तुम्ही मारत असता! चेंडूमागच्या जमिनीत घुसणारा क्लब नव्या सेटनेही तिथेच घुसेल. माझा खरा राग आहे तो ही चूक लपवणाऱ्या, सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर. चेंडूच्या दोन इंच मागे बसलेला क्लबही मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका ठीक वाटतो. पुण्यात किंवा मुंबईत पावसाळ्यातल्या ओल्या मैदानावर तोच फटका जागीच मरतो. तेव्हा मॅटवरचे निम्मे चेंडू कमी करा. गोल्फ क्लबने परवानगी दिलेल्या जागी गवतावर चुन्याची रेघ ओढा, चेंडू न ठेवता ७ नंबरने अर्धे स्विंग घ्या आणि माती रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला उडते का ते पाहा. ते सलग जमेपर्यंत नव्या सेटचा विचारही करू नका.