बक्षीस कंपनीचे, गुणवत्ता कोणाची?

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कंपन्या बक्षिसे का देतात, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. बक्षीस म्हटले की गुणवत्तेचा गौरव, असे आपण धरून चालतो. व्यवहार निराळा आहे.

आयसीपीसी ही विद्यापीठांमधील प्रोग्रॅमिंगची जागतिक स्पर्धा घ्या. तिचा आरंभ १९७० साली टेक्सासमधील ए अँड एम विद्यापीठात झाला. तीन विद्यार्थ्यांचा संघ, तिघांत मिळून एकच संगणक आणि पाच तास. अधिक प्रश्न सोडवील तो संघ पुढे. १९९७ ते २०१७ या काळात आयबीएम ही कंपनी स्पर्धेची पुरस्कर्ती होती. अशा पुरस्कर्त्याला जगभरच्या विद्यापीठांतून निवडून निघालेली मुले आयती भेटतात, आणि त्यांच्या मनावर कंपनीचे नाव ठसते. भरती आणि जाहिरात एकाच थैलीतून भागते. यात लबाडी आहे असे नव्हे; पण त्याला दानधर्मही म्हणू नये. गूगलने २००३ साली सुरू केलेली कोड जॅम स्पर्धा २०२३ साली बंद केली. थैली मिटली, स्पर्धा मिटली. आयबीएम बाजूला झाल्यावरही आयसीपीसी मात्र चालू राहिली, कारण तिची मुळे विद्यापीठांत आहेत.

आता आपला प्रश्न. या स्पर्धांत उत्तर यंत्र तपासते, आणि यंत्राला आडनाव कळत नाही. ही गोष्ट लहान नाही. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवले होते. सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांशच भरली. खाजगी नोकऱ्यांना आरक्षणाचा कायदा लागू नाही. तेथे अर्जावरचे बक्षीस आमच्या मुलाला दारापर्यंत तरी नेते.

पण म्हणून स्पर्धा जात पाहत नाही, असे म्हणणारे अर्धेच पाहतात. जात यंत्राच्या अलीकडे उभी असते. प्रश्नपत्रिका इंग्रजीत. सराव वर्षानुवर्षांचा, तो शाळेतच, घरच्या संगणकावर झालेल्यांशी गाठ. ज्याने शाळेतला संगणक कुलूपबंद खोलीच्या खिडकीतून पाहिला, त्याचा सराव महाविद्यालयात सुरू होतो, आणि तोवर पहिल्याच्या पदरी चार-पाच वर्षे जमा झालेली असतात. शिवाय संघ तिघांचा. कोणी कोणाला संघात घ्यावे याचा नियम नाही. तो ओळखीत, एका खोलीत, एका ताटात जमतो. आपल्याकडे ताट कोणाकोणाचे एकत्र येते, हे वाचकांना सांगायला नको.

तेव्हा संघाची निवड खुल्या चाचणीने होते की ओळखीने, प्रयोगशाळा संध्याकाळनंतर उघडी राहते की नाही, आणि संघाच्या प्रवेश-शुल्काचा भार कोण उचलतो, हे शिक्षकांनी विभागप्रमुखांना लेखी विचारावे. सरावासाठी महागडा शिकवणीवर्ग लागत नाही. आयसीपीसीच्या अंतिम फेऱ्यांचे जुने प्रश्न विनामूल्य मिळतात, आणि वसतिगृहातील तीन मुले एका संगणकापुढे पाच तास बसू शकतात.