आजची घाई आणि उद्याचे बियाणे

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे पोलादाच्या धगधगत्या भट्ट्या उभ्या राहतात. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. परंतु या उद्योगनगरीची वेस ओलांडून दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांकडे वळले की भूमीचे निराळेच रूप दृष्टीस पडते. धान कापून नेल्यावरही बांध्यांमध्ये हिरवळ टिकून असते आणि हिवाळ्यात तिच्यावर निळसर फुले डुलू लागतात. हा तिवरा होय. भंडारा-गोंदियाकडील वाचक त्यालाच लाखोळी म्हणून ओळखतात.

धान उभे असतानाच, कापणीच्या सुमारे तीन आठवडे आधी, ओलसर जमिनीत तिवऱ्याचे बी फोकून देतात. या पद्धतीस ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, ओलीत नाही. जमिनीतील उरल्यासुरल्या ओलाव्यावर पीक वाढते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्यांची डाळ होते आणि भुसा गुरांच्या गव्हाणीत जातो. दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून ही डाळ खाल्ल्यास पाय लुळे पडतात, हा तिचा जुना दोष. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या ‘महातिवरा’सारख्या वाणांत तो विषारी अंश पुष्कळ कमी आहे. असे बी घरी जतन करणे म्हणजे कुटुंबाचे आरोग्यच जतन करणे होय.

परंतु शेंगवर्गीय चाऱ्याच्या बियाण्यात एक अडचण असते. तिवरा असो, बरसीम असो की लसूणघास, सर्व दाणे एकाच वेळी पिकत नाहीत. खालच्या शेंगा वाळून तडकू लागतात, तेव्हा वरच्या अद्याप हिरव्याच असतात. यंत्राने कापणी करावयाची तर पीक एकसारखे वाळलेले हवे. यासाठी अनेक देशांत कापणीपूर्वी तणनाशक फवारून पीक वाळविण्याची चाल पडली. आपल्याकडेही नर्मदाखोऱ्यातील उन्हाळी मूग पावसापूर्वी काढण्यासाठी असा वापर होऊ लागला आणि २०२५ साली मध्य प्रदेश शासनाने त्याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली.

या घाईची किंमत बियाण्याला मोजावी लागते. ग्लायफोसेट हे औषध पानांवर पडले तरी तेथेच थांबत नाही. पानांत तयार झालेली साखर ज्या वाटेने भरत्या दाण्याकडे जाते, त्याच वाटेने तेही जाते. दाणा हिरवा असेल तर ते त्याच्या अंतरंगात साठते. असा दाणा वरून टपोरा दिसतो. कदाचित त्याला अंकुरही फुटतो. पण मूळ आखूड व जाडसर राहते, उपमुळे फुटत नाहीत आणि रोप जोर धरत नाही. म्हणूनच कॅनडासारख्या देशांत, बियाण्यासाठी राखलेल्या पिकावर कापणीपूर्वी ग्लायफोसेट फवारू नये, अशी सूचना दिलेली असते. पॅराक्वाटसारखी स्पर्शाने जाळणारी औषधे दाण्यात फारशी शिरत नाहीत हे खरे. परंतु अपक्व पीक जाळल्यास दाणे सुरकुततात. शिवाय पॅराक्वाट पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

उतेऱ्याच्या बांधीत तर दुहेरी धोका आहे. धान लवकर वाळावे म्हणून असे औषध मारले तर त्याखाली नुकतीच उगवलेली तिवऱ्याची रोपेही त्यात सापडतात. फवारलेल्या पिकाचा भुसा गुरांपुढे टाकणेही शहाणपणाचे नाही. भारत सरकारने २०२२ साली ग्लायफोसेटची फवारणी केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांकडूनच करून घ्यावी, असा निर्बंध घातला. युरोपीय संघानेही २०२३ साली पीक वाळविण्यासाठी त्याचा वापर वर्ज्य ठरविला.

मग उपाय काय? तो जुनाच आहे. बियाण्यासाठी शेताचा एक तुकडा वेगळा राखावा. बहुतेक शेंगा पिवळसर तपकिरी झाल्या की, सकाळी दव असताना, शेंगा तडकण्यापूर्वी पीक कापावे आणि खळ्यावर पसरून उन्हात वाळवावे. वरच्या काही हिरव्या शेंगा वाया गेल्या तरी उरलेले बी निर्धोक राहते.

विकत घेतलेल्या बियाण्याची परीक्षा घरच्या गृहिणीलाही करता येईल. न निवडता १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत आणि गोणपाट ओलसर ठेवून आठवड्याने उघडावे. केवळ अंकुर मोजून समाधान मानू नये. मुळे लांब, सरळ व उपमुळांनी युक्त आहेत की नाहीत, हे पाहावे. न फुगलेले टणक दाणे वेगळे मोजावेत. ते मेलेलेच असतात असे नाही. बरसीमच्या प्रमाणित बियाण्यात, असे टणक दाणे धरून, किमान ८० टक्के उगवण अपेक्षित असते.

खळ्यावर चार दिवस अधिक खर्ची पडतील, हे खरे. पण कणगीत ठेवलेले बी हे पुढच्या वर्षाला दिलेले वचन असते. चार दिवसांच्या घाईपायी ते मोडणे कोणत्याही कुटुंबाला परवडणारे नाही.