बारावीच्या इंग्रजीतली कादंबरी वेरूळजवळून जाते! तिच्यातून अवघड शब्द कसे शिकायचे?

वैजापूर : बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त कादंबरीचा वेगळा विभाग आहे. त्यात ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आहे. अनेक जण गाइडमधली उत्तरं पाठ करून मोकळे होतात. पुढे बँक किंवा एसएससीच्या परीक्षेत समानार्थी शब्द आले, की मग शब्दांच्या याद्या घोकणं सुरू होतं. त्यापेक्षा ही कादंबरीच पूर्ण वाचली तर?

ज्यूल व्हर्नची ही कादंबरी मूळ फ्रेंच. टोल यांचा १८७३चा इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळतो, मोबाइलवरही वाचता येतो.

वैजापूरकरांसाठी यात खास गंमत आहे. नायक फिलिअस फॉग मुंबईहून रेल्वेने कोलकात्याला निघतो. गाडी मालेगावच्या पुढे गेल्यावर वेरूळ आणि औरंगाबादचा उल्लेख येतो. रोटेगाव स्टेशन काही त्यात नाही! पण मुलूख ओळखीचा असला की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधणं सोपं जातं.

फॉगच्या वर्णनातच शब्दांचा साठा आहे. ‘टॅसिटर्न’ म्हणजे मितभाषी, ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणजे सहसा विचलित न होणारा, ‘अ‍ॅव्हरिशस’ म्हणजे पैशाचा लोभी (फॉग तसा नाही). यादीत हे तीन शब्द सुटे राहतात. इथे एका माणसाच्या स्वभावाला चिकटतात, म्हणून लक्षात राहतात.

पुस्तक झेपेल का? भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या मते, आधाराशिवाय समजून वाचायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. कादंबऱ्यांसाठी त्यांनी ८ ते ९ हजार शब्दकुलांचा हिशेब २००६ मध्ये मांडला. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर सहाच शब्द अडले पाहिजेत. वीस-पंचवीस अडत असतील, तर आधी संक्षिप्त आवृत्ती घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

अडलेला प्रत्येक शब्द शोधत बसलं तर गोष्टच सुटते. पुन्हा पुन्हा भेटणारे दोन-तीन शब्द वहीत घ्यावेत, अर्थासोबत कादंबरीतला प्रसंगही लिहावा.

एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीची आहे. फॉग क्लबात पोचताच जेवणाच्या दालनाकडे ‘रिपेअर’ करतो. तिथे दुरुस्ती काही नसते, त्याचा अर्थ फक्त ‘गेला’. असा वापर आजच्या निबंधात नको. वेरूळचा भाग अकराव्या प्रकरणात आहे. सुरुवात तिथून केली तरी चालेल.