एका शनिवारचे सत्तावीस हजार

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा कोलोन शहरातल्या ऱ्हाइन नदीच्या पुलावरून दर दहा मिनिटांना एक जर्मन लष्करी गाडी पश्चिमेकडे धडधडत जात होती, रात्रंदिवस. २ ते १८ ऑगस्ट १९१४ या काळात त्या एकाच पुलाने २,१५० गाड्या पाहिल्या. प्रत्येक गाडीला ५४ डबे, म्हणजे लाखावर डबे झाले! एक आर्मी कोअर, साधारण चाळीस हजार माणसे, हलवायची तर १४० गाड्या आणि ६,०१० डबे लागत. क्लुक या सेनापतीच्या एकट्या पहिल्या आर्मीकडे ८४,००० घोडे होते आणि त्यांची रोजची दाणावैरण सुमारे नऊ लाख किलो. सीमेपलीकडे फ्रान्सच्या डब्यांवर रंगवलेले असे: माणसे ४०, घोडे ८.

हे सारे वेळापत्रक कित्येक वर्षे आधी कागदावर तयार होते. माणसे वेळेवर पोहोचलीही. मग शनिवार, २२ ऑगस्ट उजाडला.

बेल्जियमच्या आर्देन जंगलात त्या सकाळी दाट धुके होते. रॉसिन्योल या लहानशा गावापाशी फ्रान्सची तिसरी वसाहती डिव्हिजन एकाच रस्त्याने, एकामागे एक, जंगलात शिरली. समोर जर्मन सैन्याशी गाठ पडली. तोफा मागे रस्त्यावरच अडकल्या. त्यांना ना वळायला जागा, ना गोळा टाकायला मोकळे रान. संध्याकाळपर्यंत सुमारे पंधरा हजारांच्या त्या डिव्हिजनमधले दहा हजारांहून अधिक सैनिक मेलेले, जखमी किंवा कैद झालेले होते. चारच दिवसांनी जर्मनांनी त्या परिसरातल्या शंभरावर निःशस्त्र गावकऱ्यांना आर्लों शहरात नेऊन गोळ्या घातल्या.

रॉसिन्योल ही त्या दिवसाच्या अनेक लढायांपैकी एक. सगळ्या आघाड्या मिळून फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक त्या एका दिवसात ठार झाले. उजेडाचे चौदा तास धरले, तर दर दोन सेकंदांना एक माणूस. याच युद्धातली वर्दांची लढाई दहा महिने चालली, तिचे नाव जगभर झाले, पण तिच्यातही असा एक दिवस आला नाही. आपल्या बाजूने मोजायचे तर, त्या संपूर्ण युद्धात हिंदी सैन्याचे सुमारे ७४,००० जवान मृत्यू पावले. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसे फ्रान्सने त्या शनिवारी गमावली.

पाच आठवड्यांनी, २६ सप्टेंबरला, हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनचे जवान मार्सेलीच्या धक्क्यावर उतरू लागले. तेव्हा युद्धाला दोन महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते.