‘पास’ झालेली खोटी चाचणी

संगणकाचा प्रोग्राम चुकला की त्यातील चूक हुडकण्यासाठी जे साधन वापरतात त्यास डीबगर म्हणतात. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवावा, चलांच्या किमती पाहाव्यात, पुन्हा पुढे जाऊ द्यावे, असे त्याचे काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा त्यांतला फार परिचित. पण डीबगर हाही अखेर प्रोग्रामच! त्याच्या चुका कोणी शोधायच्या? त्यासाठी जीडीबीसोबत हजारो चाचण्या असतात. त्या टिकल भाषेत लिहिलेल्या असून एक्स्पेक्ट आणि डेजाग्नू यांच्या साहाय्याने आपोआप चालतात. स्क्रिप्ट डीबगरला आज्ञा देते, उत्तराची वाट पाहते, आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आले तर ‘पास’, नाही तर ‘फेल’ अशी नोंद करते.

आता तारनाक्याची हकीकत. उस्मानिया विद्यापीठाच्या लगतच्या या भागात आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो. माझा सोबती बीदरचा. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि तारनाक्याच्या भाजीवाल्याशी मोडकी तेलुगू. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने आपल्या प्रतीतील जीडीबीत थोडा बदल केला आणि स्वतःच्या दोन चाचण्या जोडल्या. अहवालात ‘सर्व चाचण्या पास’ हे वाक्य लिहूनही झाले होते. सादर करण्याच्या आदल्या रात्री त्याने सहज दुसरी चाचणी एकटीच चालवली, आणि पडद्यावर उत्तर आले: ‘लाइन’ हे चल वाचता येत नाही, असे चलच नाही.

सर्वांबरोबर पास, एकटी मात्र कोलमडते, हे कसे?

चाचणी साधी होती. ब्रेकपॉइंट लावावा, डीबगरच्या उत्तरातून ओळीचा क्रमांक उचलून ‘लाइन’ या चलात ठेवावा, आणि तो १२ आहे का ते पाहावे. डीबगर दोन तऱ्हांनी उत्तर देऊ शकतो: पत्ता, फाईल व ओळ, किंवा नुसता पत्ता. सोबत्याने दोन्ही शाखा लिहिल्या होत्या, पण चलाला किंमत दिली होती पहिल्याच शाखेत. उत्तर मात्र दुसऱ्या तऱ्हेचे येत होते.

सी भाषेत फंक्शनच्या आतील साध्या चलाला आरंभी किंमत दिली नाही, तर त्यात काय सापडेल याचा नेम नसतो. टिकल अधिक कडक आहे. किंमत न दिलेले चल वाचू गेल्यास ती सरळ चूक दाखवते, आणि त्या फाईलमधील पुढच्या चाचण्या राहून जातात. मग इतरांबरोबर ती पास का व्हावी? कारण डेजाग्नू एकामागून एक चाचणी-फाईल एकाच टिकल दुभाष्यात वाचते. पहिल्या फाईलने बाहेरच्या पातळीवर ठेवलेले ‘लाइन’ दुसरीच्या वेळीही शिल्लक होते. त्याची किंमत योगायोगाने १२! म्हणजे शेजाऱ्याचे उत्तर पाहून आमचे चिरंजीव उत्तीर्ण झाले होते.

मध्यरात्र उलटली होती. सोबत्याने आरंभी ‘सेट लाइन १२’ अशी ओळ घातली. चाचणी एकटीही पास झाली. तो खूष झाला. मला हसू आले. मी म्हटले, “अरे, आता तू डीबगर बंद ठेवलास तरी हे बाराच सांगणार.” तो थोडा रागावला, मग गप्प बसला.

शेवटी त्याने बाराच्या जागी उणे एक घातले. ओळीचा क्रमांक कधी उणे नसतो, तेव्हा ही किंमत शेवटपर्यंत टिकली तर क्रमांक मिळालाच नाही हे उघड होते. पुढे ‘अजून उणे एक असेल तर फेल नोंदवून परत जा’ अशी अट टाकली. चाचणी आता एकटी आणि समूहात, दोन्हीकडे प्रामाणिकपणे नापास होऊ लागली!

खरे कारण सापडायला त्यानंतर दहा मिनिटे लागली. चाचणीचा छोटा सी प्रोग्राम तयार करताना ‘डीबग’ हा पर्याय लिहायचा राहिला होता. त्यावाचून ओळींची माहिती प्रोग्रामसोबत जातच नाही, मग डीबगर बिचारा पत्त्याखेरीज काय सांगणार? पर्याय घातल्यावर १२ आले, या वेळी डीबगरकडून.

अहवालातले वाक्य त्याने तसेच ठेवले. त्याखाली रात्रीची हकीकत मात्र अर्धे पान जोडली, आणि तोंडी परीक्षेत बहुतेक प्रश्न त्या अर्ध्या पानावरच निघाले.