जसा घाट, तसे इंजिन



रात्रीच्या वर्गात मी फळ्यावर आगगाडीचे चित्र काढले होते. ते पाहून एका गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, वाफेची सगळ्यात दांडगी इंजिनं कुठं होती?"

मी म्हटले, "अमेरिकेत होती. पण तिथं एकच रेल्वे नव्हती. पुष्कळ कंपन्या होत्या. ज्याची त्याची वाट निराळी, म्हणून ज्याचं त्याचं इंजिनही निराळं."

त्या इंजिनांची ही हकिगत.

एका गाडीला दोन जोड्या

भरलेली बैलगाडी चढावर अडली, की आपण काय करतो? दुसरी जोडी आणून जुंपतो. रेल्वेवालेही तेच करीत. चढ आला की दुसरे इंजिन जोडीत. पण दुसरे इंजिन म्हणजे दुसरा ड्रायव्हर, दुसरा फायरमन आणि वाटेत खोळंबा. खर्च वाढे.

मग कारागिरांनी एक युक्ती काढली. बॉयलर एकच ठेवला. त्याच्याखाली चाकांचे दोन संच बसवले. प्रत्येक संचाला वाफ मिळे, आणि दोन्ही संच गाडी ओढीत. पण एवढे लांब इंजिन वळणावर वळणार कसे? त्यासाठी पुढचा संच बिजागरीने जोडला. दार जसे बिजागरीवर फिरते, तसा तो संच वळणावर थोडा फिरे.

युनियन पॅसिफिकचा 'बिग बॉय'

युनियन पॅसिफिक ही मोठी कंपनी. तिच्या वाटेवर युटा राज्यात वासॅच नावाचा डोंगर आहे. तिथे शंभर फूट पुढे गेले की रूळ एक फुटाहून थोडे अधिक वर चढतात. हा चढ आपल्याला काहीच वाटणार नाही. पण ३,६०० टन माल घेऊन चढायचे तर तो भारी पडतो.

दुसरे इंजिन न जोडता हा चढ चढावा, म्हणून १९४१ साली 'बिग बॉय' तयार झाले. बिग बॉय म्हणजे दांडगा पोरगा. कारखान्यातल्या एका कामगाराने इंजिनावर खडूने हे नाव लिहिले, आणि तेच कायम झाले. १९४१ साली २० आणि १९४४ साली ५, अशी एकूण २५ इंजिने बनली.

कोळसा-पाण्याच्या डब्यासकट या इंजिनाची लांबी सुमारे १३२ फूट होती. वजन सुमारे ५४० टन. शंभर किलोचे एक पोते धरले, तर ५,४०० पोती झाली! एवढ्या मोठ्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणे माणसाला शक्यच नव्हते. म्हणून वाफेवर फिरणारे एक लोखंडी मळसूत्र बसवले होते. ते डब्यातला कोळसा आपोआप भट्टीकडे सरकवी.

धुराच्या पुढे माणूस

सदर्न पॅसिफिक कंपनीची अडचण निराळीच होती. तिची वाट कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा पर्वतावरून जाई. तिथे बर्फ फार पडते. बर्फ रुळांवर साचू नये म्हणून कित्येक मैल लाकडी छपरे उभारलेली होती. शिवाय बोगदेही होते. मोठे इंजिन आत शिरले, की सगळा धूर मागे बसलेल्या माणसांच्या नाकातोंडात जाई. माणसे गुदमरत.

मग कंपनीने १९१० च्या सुमारास इंजिनच उलटे फिरवले. माणसांची खोली पुढे आली आणि धुराडे मागे गेले. पण आता जळणाचा डबा भट्टीपासून दूर पडला. हे कसे जमले? हे इंजिन तेलावर चाले. तेल नळीतून पुढे नेता येते. कोळसा तसा नेता आला नसता. अशी दोनशेंहून अधिक इंजिने त्या कंपनीने चालवली.

हलका कोळसा, मोठी चूल

नॉर्दर्न पॅसिफिक कंपनीच्या मुलखात कोळसा भरपूर होता, पण तो हलक्या प्रतीचा होता. हलके जळण असेल तर ते जास्त जाळावे लागते. म्हणून १९२८ साली तिने फार मोठ्या भट्टीचे इंजिन करवून घेतले. ते तयार झाल्यावर कारखानदाराने त्या भट्टीतच टेबल मांडून बारा माणसांना जेवू घातले!

कोळशाच्या खाणींची वाट

चेसापीक अँड ओहायो ही कंपनी ॲलेघेनी डोंगरातून खाणींचा कोळसा वाहून नेई. त्या डोंगराचेच नाव तिने आपल्या इंजिनाला दिले. १९४१ ते १९४८ या काळात तिने अशी ६० इंजिने घेतली. शेजारच्या व्हर्जिनियन रेल्वेने तसलीच ८ घेतली.

नॉरफोक अँड वेस्टर्न कंपनी तर आपली इंजिने रोनोक गावी स्वतःच्याच कारखान्यात बांधी. तिच्या डोंगरी इंजिनांत एकच वाफ दोनदा राबे. आधी ती मागची चाके फिरवी. मग उरलेल्या जोरावर पुढची चाके फिरवी. जळणाची बचत होई.

मग ती गेली कशी?

डिझेल इंजिन आले. त्याला वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागत नाही. राख काढावी लागत नाही. माणसेही कमी लागतात. १९५९ साली बिग बॉयने शेवटची मालगाडी ओढली. नॉरफोक अँड वेस्टर्नने १९६० साली वाफ सोडली. बॉयलर दुरुस्त करणारे, भट्टी झाडणारे, पाणी भरणारे अशा कितीतरी लोकांचे काम गेले. आयुष्यभर शिकलेला हुन्नर एकाएकी निरुपयोगी झाला.

पंचवीसपैकी आठ बिग बॉय जपून ठेवली गेली. त्यांतले एक, ४०१४ नंबरचे, २०१९ साली पुन्हा रुळावर आले. आता ते कोळशाऐवजी तेलावर चालते.

ही हकिगत सांगून झाली, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गुरुजी, मोठं पाहिजे म्हणून कुणी मोठं केलं नाही!"

अगदी खरे. त्यांनी आधी चढ मोजला, वजन पाहिले, जळण पाहिले, आणि मग इंजिन केले. आपण विहिरीवर पंप घेतो, तेव्हा शेजाऱ्याचा पंप केवढा आहे हे पाहतो. त्याआधी पाणी किती खोल आहे आणि शेत किती लांब आहे, हे मोजलेले बरे. पैसे आपलेच जायचे असतात.